तुझ्या तांबडीच्या निमित्ताने

नागपूर,
१८ मे

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

काल फोनवर घाईत बोलणे झाले, म्हणून आज सावकाश लिहायला बसलो. तुझ्या तांबड्या कोंबडीने गेल्या आठवड्यात दोनदा बिनकवचाचे, नुसत्या पापुद्र्यातले अंडे घातले आणि आता चार दिवस अंडेच नाही, तेव्हा उन्हाने अंडी थांबली असतील, असे तू म्हणालास. तसे असेलही, पण अंडे दिसले नाही म्हणजे ते तयारच झाले नाही, असे धरून चालू नकोस. मी तसे धरले आणि माझी कबरी गमावली.

ती रोज सकाळी खुराड्यातल्या टोपलीत जाऊन बसायची, तासाभराने उठून अंडे घातल्यासारखी ओरडायची, आणि हात घालावा तर टोपलीत नुसती तणस. मुंगूस अंडी पळवत असावे, असे वाटून मी फटींना जाळी ठोकली. पंधरा दिवसांत तिची चालच बदलली: शेपटी खाली, छाती वर, पाय फाकलेले. उचलून घेतले तेव्हा मागचे पोट पाणी भरलेल्या फुग्यासारखे हाताला लागले आणि तुरा जांभळट झालेला दिसला. तिसऱ्या दिवशी ती गेली. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शवविच्छेदन करून घेतले, तेव्हा पोटात पिवळे, दुर्गंधीचे पाणी आणि आतड्यांना चिकटलेले, उकडलेल्या बलकासारखे गोळे निघाले. म्हणजे ती ओरडत होती ते खोटे नव्हते. बलक सुटत होता, पण अंड्याच्या नळीत न जाता पोटात पडत होता.

कोंबडीची एकटी डावी अंडनलिका काम करते. अंडाशयातून सुटलेला बलक या नळीच्या नरसाळ्यासारख्या तोंडाने झेलला जातो, आणि पुढच्या साधारण २५ तासांच्या प्रवासातले २० तास एकट्या कवचासाठी लागतात. नळी सुजली, किंवा लहानपणी इन्फेक्शियस ब्राँकायटिस हा श्वसनाचा साथीचा आजार होऊन ती कायमची बिघडली, की हा झेल चुकतो. एखाददुसरा बलक शरीर शोषून घेते. रोजच पडू लागले आणि ई. कोलाय जंतू तिथे पोचले की पोटाचा दाह होतो, आणि तो ध्यानात येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो, कारण कोंबडी आजार फार लपवते.

तुझ्या तांबडीच्या बाबतीत मला अजून आशा वाटते. एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जाते, आणि तू तिला बहुतेक तांदळाची कणीच टाकतोस, जिच्यात ते नावालाच असते. लेअर फीडमध्ये, म्हणजे अंड्यांवरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात, ते साडेतीन ते चार टक्के ठेवतात. त्यात आपल्याकडचे पंचेचाळीस अंशांचे ऊन. कोंबडी धापा टाकते तेव्हा श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड जास्त निघून जातो, आणि कवचाला लागणारे कार्बोनेट रक्तातून कमी मिळते. म्हणून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेव, म्हणजे ती हवा तेवढा टिपेल. मात्र पिल्लांना त्याची सवय लावू नकोस, त्यांच्या मूत्रपिंडाला ते जड जाते. खाद्य पहाटे आणि उन्हे उतरल्यावर दे, आणि जाळीवर ओले गोणपाट टाक.

ती नुसती खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहत असेल तर पिसे फुलवून बसेल, हात लावताच टोचेल, पण दाणा टाकला की उठेल. त्यात काळजीचे काही नाही. मात्र ती कुंथत असेल, पुन्हा पुन्हा शेपटी हलवत असेल, तर अंडे अडकलेले असू शकते. तेव्हा तिला कोमट पाण्यात वीसेक मिनिटे शांत बसव आणि त्याच दिवशी दवाखान्यात ने. आतले अंडे दाबून फोडण्याच्या भानगडीत मुळीच पडू नकोस. कवचाच्या धारेने नळी फाटते. औषधाच्या जुन्या उरलेल्या गोळ्या घरच्या घरी देणेही टाळ, कारण औषधाचा अंश अंड्यात उतरतो आणि ती अंडी तुझी नात खाते.

रोज संध्याकाळी तिचे मागचे पोट चाचपून पाहा. चौथ्या-पाचव्या दिवशी फरक हाताला कळतो. तिला वेगळी ठेवल्याशिवाय अंडे कुणाचे ते समजणार नाही, म्हणून माझ्याकडे पडून असलेला कबरीचा पिंजरा घेऊन रविवारी सकाळच्या उमरेडच्या गाडीने येतो. वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच
बालमित्र