टायर बदलण्याआधी उलटा करून पाहा

महोदय,

खडीच्या रस्त्यांवर सायकलचा टायर फाटला, की बेळगाव-खानापुरात अनेकदा सरसकट नवाच गळ्यात मारला जातो. आधी टायर उतरवून आतून पाहा. नक्षीवरची चीर ४-५ मिलिमीटरपर्यंत असेल आणि आतले धागे शाबूत असतील, तर ट्यूबचं पंक्चर काढून टायरला आतून जुन्या टायरचा पातळ तुकडा सोल्युशनने (पंक्चरच्या चिकटद्रवाने) चिकटवला की भागतं. सोल्युशन ५ मिनिटं सुकू द्या. ओलं असतानाच दाबलेलं ठिगळ सुटतं, आणि दोष बिचाऱ्या टायरवर येतो.

बाजू फाटून ट्यूब बाहेर डोकावत असेल किंवा कडेची तार तुटली असेल, तर मात्र दुरुस्तीवर रुपयाही घालू नका. असा टायर रिममधून निसटतो. नवा घेताना जुन्यावरचं माप जुळवा: २८ × १½ आणि २८ × १.५ (इंचांत) दिसायला सारखे, पण रिमचं माप वेगळं, एक नव्हेत!

— एक सायकल दुरुस्तीवाला, वडगाव, बेळगाव