बडोद्याहून आईचं पत्र

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

पिकरिंग, रँगल, पेन : पाठवलेलं सगळं वाचलं. सरकारने खर्च करून शिकवायचं आणि मग परराष्ट्र सेवेत घ्यायचं, अशा या तिन्ही फेलोशिप अमेरिकन नागरिकांसाठी, तेव्हा तुझ्या अर्जाचा प्रश्नच नाही. पण "आपल्याकडे असं कुणाला सुचलंच नाही का?" हे बडोद्याच्या मुलीने विचारावं? १९१३ साली सयाजीरावांनी आंबेडकरांना कोलंबियाला धाडलं ते काय होतं? दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी, असा लेखी करार. पिकरिंग १९९२ ची. दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण, एक उन्हाळा वॉशिंग्टनच्या परराष्ट्र खात्यात, एक परदेशातल्या वकिलातीत, मग पाच वर्षं सेवेचं बंधन. हिशेब तोच.

१९१७ मध्ये आंबेडकर करारानुसार बडोद्यात रुजू झाले, आणि एवढ्या मोठ्या राजधानीत त्यांना भाड्याने खोली मिळेना. कचेरीतले शिपाई फायली लांबूनच टेबलावर टाकायचे. पारशी धर्मशाळेतून हुसकावल्यावर ते कमाटीबागेत जाऊन बसले, ती संकल्पभूमी तू पाहिली आहेस. महाराजांनी पैसे दिले, कचेरी मात्र होती तशीच राहिली. म्हणून मी अशा योजनेत रक्कम नंतर बघते. रुजू झाल्यावर पाठीशी कोण, ते आधी. रँगलमध्ये परराष्ट्र सेवेतला अधिकारी मार्गदर्शक म्हणून मिळतो, ते मला फार शहाणपणाचं वाटलं. पेन यूएसएडसाठी, म्हणजे परदेशांना मदत पुरवणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेसाठी, माणसं घडवायची आणि ती यूएसएडच २०२५ मध्ये गुंडाळली. म्हणजे नोकरी देणाराच नाहीसा!

आता तुझं. यूपीएससी चालू राहू दे, पण परराष्ट्र मंत्रालयाच्या इंटर्नशिपचा अर्ज भर. महिना दहा हजार मानधन आहे, दिल्लीत त्यात भागायचं नाही, वरचं आम्ही बघू. बाबा कुरकुरतील, त्यांचं मनावर घेऊ नकोस. आत काम कसं चालतं, टिपण कसं लिहितात, हे क्लासवाले शिकवत नाहीत.

निवडीत आकांक्षित, म्हणजे सरकारने मागास म्हणून निवडलेल्या, जिल्ह्यांतल्या मुलांना झुकतं माप आहे. बडोदा त्यात नाही, दाहोद आहे. तुझ्या खोलीतली मैत्रीण दाहोदचीच ना? तिला आजच सांग. अशा गोष्टी ज्यांच्यासाठी असतात, त्यांना नेमक्या मुदत उलटल्यावर कळतात.

तुझी,
आई