मीनूस, प्रतिनियुक्तीच्या निमित्ताने

चि. मीनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू मंत्रालयातल्या प्रतिनियुक्तीचं सांगितलंस आणि मी ‘बरं’ म्हणून फोन आईकडे दिला. तुला ते लागलं, असं दादाकडून कळलं. अगं, अभिमान वाटला म्हणूनच बोलता आलं नाही. विधी व न्याय विभागाने स्वतःहून विचारावं ही लहान गोष्ट नाही. जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. फक्त न्यायासनावर परतीचं काय, एवढं एकदा विचारतो आणि तो विषय सोडतो.

न्यायासनावरून उठून सरकारात गेलेला माणूस म्हटलं की मला बांगलादेशचे अबू सईद चौधुरी आठवतात. हे नाव तू लहानपणापासून ऐकत आली आहेस, पण तेव्हा तू न्यायाधीश नव्हतीस. टांगाइल जिल्ह्यातलं नागबाडी हे गाव, जन्म १९२१चा. प्रेसिडेन्सी कॉलेज, मग लंडनच्या लिंकन्स इनची बॅरिस्टरी. १९६० मध्ये पूर्व पाकिस्तानचे महाधिवक्ता, पुढच्याच वर्षी ढाका उच्च न्यायालयात न्यायाधीश आणि १९६९ मध्ये ढाका विद्यापीठाचे कुलगुरू. इथपर्यंत सगळं सरळ आहे.

मार्च १९७१ मध्ये ते जिनिव्हात होते, मानवी हक्क आयोगाच्या बैठकीसाठी, पाकिस्तानच्याच शिष्टमंडळातून. ढाक्यात गोळीबारात दोन विद्यार्थी मेल्याचं तिथे कळलं. १५ मार्चला त्यांनी प्रांताच्या शिक्षण सचिवांना कळवून टाकलं की आपल्या निःशस्त्र विद्यार्थ्यांवर गोळ्या चालल्यावर कुलगुरू म्हणून राहण्यात अर्थ नाही. तारीख नीट बघ. पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात हत्याकांड सुरू केलं ती २५ मार्चची रात्र अजून दहा दिवस लांब होती. विद्यापीठाची वसतिगृहं उद्ध्वस्त व्हायची होती. त्यांना दोन मुलं पुरेशी वाटली. आकडा मोठा होण्याची वाट पाहिली असती तर पत्राला ते वजन राहिलं नसतं.

तिथून लंडन. मुजीबनगर सरकारने, म्हणजे बांगलादेशच्या हंगामी सरकारने, त्यांना विशेष दूत नेमलं. पण मान्यता नसलेल्या देशाचा दूत म्हणजे काय, हे समजून घे. दूतावासाचं संरक्षण नाही, अधिकारपत्र सादर करायला कुणी नाही. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री डग्लस-ह्यूम त्यांना एप्रिलमध्ये भेटले, पण ब्रिटनची मान्यता यायला ४ फेब्रुवारी १९७२ उजाडला. गावोगावच्या बंगाली कृती समित्या आपापल्या दिशेने ओढत होत्या, म्हणून २४ एप्रिलला कॉव्हेंट्रीत पाच जणांची सुकाणू समिती केली. निधीला तीन विश्वस्त ठेवले: चौधुरी स्वतः, डोनाल्ड चेसवर्थ आणि खासदार जॉन स्टोनहाउस. २७ ऑगस्टला पेंब्रिज गार्डन्सच्या २४ नंबरच्या घरात कचेरी उघडली. मिशन म्हणायचं ते हेच.

त्याआधी, २९ जुलैला, बिमान मल्लिक यांनी रेखाटलेली बांगलादेशची आठ टपाल तिकिटं निघाली. दहा पैशांपासून दहा रुपयांपर्यंत, पूर्ण संच एकवीस रुपये ऐंशी पैशांचा. त्यातलं वीस पैशांचं तिकीट ढाका विद्यापीठातल्या हत्याकांडाचं आहे. ज्या विद्यापीठाचे आपण कालपर्यंत कुलगुरू होतो, त्यातल्या मृत्यूंचं तिकीट पाकिटावर चिकटलेलं पाहताना त्या माणसाला काय वाटलं असेल? मला हा प्रश्न सुटत नाही.

पाहा, तुझं विचारायचं राहिलं आणि मी लंडनलाच अडकलो.

१२ जानेवारी १९७२ ला बांगलादेशचे नेते शेख मुजीबुर रहमान राष्ट्रपतिपद सोडून पंतप्रधान झाले आणि चौधुरी राष्ट्रपती. मुख्य न्यायाधीश सायेम यांनी चौधुरींना शपथ दिली, चौधुरींनी मुजीबना. १६ डिसेंबरला राज्यघटना लागू झाली. तिच्या ४८व्या अनुच्छेदाने राष्ट्रपतीकडे स्वतःचा म्हणावा असा एकच अधिकार ठेवला, पंतप्रधान नेमण्याचा, तोही बहुमत ज्याच्या मागे त्यालाच नेमण्याचा. बाकी सगळं पंतप्रधानांच्या सल्ल्याने. एवढी वर्षं निकाल लिहिलेला हात आता दुसऱ्याच्या मसुद्याखाली सही करत होता. एप्रिल १९७३ मध्ये ते पुन्हा निवडून आले आणि २४ डिसेंबरला पायउतार झाले. घटनेप्रमाणे राष्ट्रपतीचा राजीनामा संसदेच्या सभापतीकडे जातो आणि सभापतीच कारभार पाहतो, त्यामुळे सभापती मोहम्मदुल्ला लगेच त्या जागी आले. चौधुरी मंत्र्याच्या दर्जाने परराष्ट्र कामाचे विशेष दूत झाले. न्यायालयात ते परतले नाहीत. मला इथेच काळजी वाटते, मीनू.

८ ऑगस्ट १९७५ ला मुजीबनी त्यांना मंत्री केलं, बंदरं आणि जहाजवाहतूक. एका आठवड्यात, १५ ऑगस्टला, मुजीबची कुटुंबासह हत्या झाली. आणि त्याच महिन्यात चौधुरी हत्येनंतर सत्तेवर आलेल्या खोंदकर मोश्ताक यांच्या सरकारचे परराष्ट्रमंत्री होते, नोव्हेंबरपर्यंत. १५ मार्चला दोन विद्यार्थ्यांसाठी पद सोडणारा हाच माणूस. बंदुका रोखलेल्या शहरात कुणी काय करायला हवं होतं, हे सांगलीत बसून मी ठरवणार नाही. पुढे १९८५ मध्ये ते त्याच जिनिव्हातल्या मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष झाले, हेही खरं. पण एका पदावरून दुसऱ्यावर जाताना ‘नाही’ म्हणणं दर वेळी थोडं अवघड होत जातं, असं मला वाटतं. तुझ्याबद्दल भीती आहे ती याचीच.

सायेम यांचंही तेच. नोव्हेंबर १९७५ मध्ये लष्कराने त्यांना राष्ट्रपती केलं, एप्रिल १९७७ मध्ये लष्करप्रमुख झियाउर रहमान त्या खुर्चीत बसले. वेगळे निघाले ते शहाबुद्दीन अहमद. डिसेंबर १९९० मध्ये लष्करशहा एर्शाद सत्तेवरून गेल्यावर सगळ्या पक्षांनी मुख्य न्यायाधीशांनाच कार्यवाहक राष्ट्रपती व्हायला सांगितलं. त्यांची अट होती की निवडणूक झाली की मूळ जागी परत जाणार. त्यासाठी १९९१ मध्ये अकरावी घटनादुरुस्ती करावी लागली आणि ते खरोखर मुख्य न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसले. देशाला घटना बदलावी लागली, कारण अट आधीच घातली होती.

तुझ्यासाठी घटना बदलायची नाही, आदेश नीट वाचायचा आहे. मुदत किती वर्षांची, ती तुझ्या संमतीशिवाय वाढते का, मूळ पदावरचा धारणाधिकार, म्हणजे तिथे परत येण्याचा हक्क, राहतो का, तिकडे असताना ज्येष्ठता आणि बढती कशी धरणार, हे लेखी घे. तोंडी ‘होईल हो’ म्हणणारे साहेब बदलून जातात. आणि ज्या टिपणीवर सही करवत नाही तिच्यावर स्वतःचं मत लिहून फाइल वर पाठव, ती टेबलावर दाबून ठेवू नकोस.

झालं, पुन्हा व्याख्यान. न्यायाधीशाला कायदा शिकवायला निघालो, राग मानू नकोस. तुझे निकाल मी वाचतो. मागच्या वाटणीच्या दाव्यात तू धाकट्या बहिणीचा हिस्सा ज्या शांतपणे मांडलास, तो परिच्छेद आईला दोनदा वाचून दाखवला. म्हणून तर जीव अडकतो. असं लिहिणारा हात किती दिवस दुसऱ्यांचे मसुदे लिहिणार?

आत्या काही म्हणाली तर मनावर घेऊ नकोस, तिला मुंबईतली जागा तेवढी दिसते. आईचा गुडघा बरा आहे. दादा पुढच्या शनिवारी येतोय, त्याच्याकडे तुझी हिरवी शाल देतो.

तुझा,
बाबा

ता. क. धारणाधिकाराचं आस्थापना शाखेला विचारलंस का? आदेशाची प्रत मला पाठव.