विकत घेतलेलं ई-पुस्तक दुसऱ्या फोनवर उघडू द्या

मा. श्री. पीयूष गोयल,
केंद्रीय वाणिज्य व उद्योगमंत्री,
स.न.वि.वि.

कॉपीराइटचा कारभार २०१६ पासून आपल्या मंत्रालयाकडे आहे आणि आपण उत्तर मुंबईचे खासदार आहात, म्हणून हे पत्र मराठीतच.

डीआरएम, म्हणजे ई-पुस्तकांना लावलेलं डिजिटल कुलूप, नकोच असं माझं म्हणणं नाही. नवं मराठी पुस्तक येतं न येतं तोच त्याची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागते. ‘कुणाकडे आहे का?’ असं विचारणारे चांगले शिकलेसवरलेले असतात, हे विशेष. लेखकाला संरक्षण हवंच. कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीने ते कलम ६५ए मध्ये दिलं: हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

कुलूप लावणाऱ्यावर मात्र कसलंच बंधन नाही. पैसे मोजून घेतलेलं पुस्तक बहुतेकदा त्याच दुकानाच्या अ‍ॅपमध्ये उघडतं. ई-रीडर दुसऱ्या कंपनीचा घेतला की अडलं. चोरीची पीडीएफ कुठेही उघडते. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा वाचकांनी विकत घेतलेली पुस्तकंही गेली. पैसे परत दिले, हे खरं. बुडालेल्या कंपनीकडून तेवढंही मिळणार नाही.

अंध वाचकांचं तर फारच अवघड आहे. अंधांना वाचता येतील अशा प्रती काढायला मुभा देणारा आंतरराष्ट्रीय माराकेश करार मंजूर करणारा पहिला देश आपला, २०१४ मध्ये. कलम ५२ प्रमाणे त्यांच्यासाठी पुस्तक सुलभ स्वरूपात आणता येतं आणि अशा वैध कामाला ६५ए आडवं येत नाही. पण कुलूप उघडून देणाऱ्याने त्या वाचकाचं नाव, पत्ता, कारण, सगळ्याची नोंद ठेवायची! स्क्रीन रीडरने पुस्तक वाचून दाखवावं म्हणून मदत करणाऱ्या कॉलेजच्या पोराने रजिस्टर ठेवायचं? शिवाय कुलूप उघडायचं साधन आणायचं कुठून, त्यावर कायदा गप्प.

तंत्र उपलब्ध आहे. रीडियम एलसीपी या कुलपाच्या पद्धतीत वाचकाने आपला परवलीचा शब्द टाकला की तेच पुस्तक निरनिराळ्या अ‍ॅपमध्ये उघडतं. युरोपातली ग्रंथालयं ती वापरतात.

तेव्हा ६५एचं संरक्षण अशाच कुलपाला द्या, जे खरेदीदाराच्या सगळ्या उपकरणांवर उघडेल आणि स्क्रीन रीडरला अडवणार नाही. दुकान बंद करण्याआधी कुलूप नसलेली प्रत देणं विक्रेत्यावर बंधनकारक करा. अंध वाचकांपुरती नोंदीची अट काढा. आणि मसुदा करताना मोठ्या कंपन्यांबरोबर अंधांच्या संस्था आणि छोटे मराठी प्रकाशक यांनाही बोलवा.

आपला,
एक मराठी वाचक