दप्तरं तीन आली, स्वयंपाकाच्या बाईचा पगार कोणीच देईना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी पारोळा तालुक्यातल्या दोन-तीन छोट्या संस्थांचे हिशेब लिहून देतो, त्यामुळे देणारे आणि घेणारे दोन्ही जवळून बघायला मिळतात. तुमच्या पेपरात वाटपाचा फोटो नाही असा आठवडा जात नाही, कुठे वह्या, कुठे ब्लँकेट, कुठे दप्तर. देणाऱ्यांच्या मनाबद्दल मला शंका नाही, पण एका गावच्या शाळेत शाळा उघडल्या उघडल्या तीन ठिकाणांहून दप्तरं आली, एक खेप गावातल्या व्यापारी मित्रांची, एक सुरतला उधन्याला स्थायिक झालेल्या आपल्याच खान्देशी लोकांची आणि एक कंपनीची, आणि तिघांना एकमेकांचा पत्ताच नाही. तिसऱ्या वेळी रांगेतलं एक पोरगं सरळ बोललं, "भाऊ, मांगलं दप्तर आजून फाटनं नही." सगळे हसले, फोटो निघाला, गाड्या गेल्या.

आता त्याच गावाची दुसरी बाजू सांगतो. मुकादमाची (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते, त्यामुळे दिवाळी झाली की कितीतरी घरं ऊसतोडीला निघतात, कोणी गुजरातेत बारडोलीकडे, कोणी पश्चिम महाराष्ट्रात. पोरांना मागे ठेवायचं तर कोणाजवळ? आजी-आजोबा असले तर ठीक, नाहीतर पोरगंही फडावर आणि दप्तर खुंटीला. यावर उपाय सगळ्यांना माहीत आहे, पाच-सहा महिन्यांचं हंगामी वसतिगृह, गावातच. मी जिचे हिशेब लिहितो अशा एका संस्थेने ते चालवलंही. त्याला तांदूळ मिळाला, डाळ मिळाली, एकाने गॅसची शेगडी दिली आणि तिच्यावर सौजन्य म्हणून नाव टाकायला लावलं (शेगडीवर! दोन दिवसात काळं झालं ते). पण स्वयंपाक करणाऱ्या बाईचा पगार आणि रात्री पोरांजवळ झोपणाऱ्या माणसाचं मानधन, यासाठी ज्याला विचारलं तो म्हणाला पगाराला आम्ही देत नाही. बाई काही दिवस उधारीवर आली, मग तिनेही नवऱ्याबरोबर कोयता घेतला आणि फडावर गेली. पुढे वसतिगृह किती दिवस चालणार तुम्हीच सांगा.

इथे मला कंपन्यांच्या सीएसआरबद्दल, म्हणजे समाजकामावरच्या खर्चाबद्दल, थोडं बोलायचंय कारण त्यात गैरसमज लय आहेत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठराविक नफा किंवा उलाढालीच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकामावर खर्च करावी लागते, हे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय. पण आम्हाला नेहमी ऐकवतात की प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर चालत नाही म्हणून पगार नको. अहो, ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे, गावात प्रत्यक्ष प्रकल्प चालवायला जी माणसं लागतात त्यांच्या मानधनाला नाही. दुसरं म्हणजे "एकाच वर्षाचं देतो, ३१ मार्चच्या आत संपवा", तर नियमात चालू प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत नेता येतो. आणि दोन-तीन कंपन्यांनी मिळून एकच प्रकल्प करायलाही मुभा आहे, फक्त प्रत्येकीने आपापला हिशेब वेगळा दाखवायचा. म्हणजे कायदा आडवा येत नाही, पाटी कोणाची लागेल हे आडवं येतं.

परदेशी देणगीचं मात्र खरंच अवघड झालंय. २०२० च्या एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही, आधी मोठ्या संस्था तालुक्यातल्या छोट्या संस्थांना त्यातून कामं द्यायच्या ते बंद झालं. म्हणून तर इथल्या देणाऱ्यांनी, पतपेढी, रोटरी, व्यापारी, सुरत-पुण्यातले आपले लोक, यांनी एकमेकांशी बोलणं आता जास्त गरजेचं आहे.

संस्थावाले काही धुतल्या तांदळाचे नाहीत बरं. "हे गाव आमचं आहे, तुम्ही पलीकडचं घ्या" ही भाषा मी मीटिंगमध्ये ऐकलीय. लाभार्थ्यांची यादी एकमेकांना दाखवत नाहीत, का तर देणगीदार पळवतील. मग एकच पोरगं तिघांच्या अहवालात मोजलं जातं आणि शेजारच्या वस्तीतलं एकाच्याही नाही.

आपल्या खान्देशातच वेगळं उदाहरण आहे. साक्री तालुक्यातलं बारीपाडा, जिथल्या कामात पुढे असलेल्या चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली ते. तिथे गावाने आधी स्वतः ठरवलं की जंगल राखायचं, तोडणाऱ्याला दंड करायचा, आणि वनवासी कल्याण आश्रम, वनखातं, बाहेरचे अभ्यासक हे गावाने ठरवलेल्या कामात येऊन जोडले गेले. गाव देणाऱ्यांच्या मागे धावलं नाही. सगळीकडे चैत्रामभाऊ मिळणार नाहीत हे मान्य, पण गावाने आधी सांगायचं आणि देणाऱ्यांनी ते वाटून घ्यायचं, एवढं तर करता येईल ना.

महासंघ वगैरे काढू नका एवढी विनंती, अध्यक्ष कोण यावरून पहिल्याच मीटिंगला दोन गट पडतील. दसऱ्याच्या आधी तालुक्यातल्या संस्था आणि देणारे एकदा एका ठिकाणी बसावेत, शाल-नारळ नको, कोणत्या गावात काय आलंय आणि काय कमी आहे याचा एकच तक्ता करावा आणि कोण काय उचलतो ते समोरच लिहावं. एकाने धान्य घ्यावं, दुसऱ्याने बाईचा पगार, तिसऱ्याने रात्रीचा माणूस. अर्ज आणि अहवालाचा नमुनाही सगळ्यांनी एकच ठेवावा, कारण आज त्याच पोरांची तीच माहिती मी प्रत्येकाच्या वेगळ्या फॉर्मात भरत बसतो आणि त्यात कार्यकर्त्याचे गावात जायचे दिवस जातात.

आणि संपादक साहेब, तुमच्याकडेही एक मागणं आहे. वाटपाचे फोटो छापता तसा दिवाळीच्या आधी हा तक्ता छापा, गाव, मुलं किती, काय मिळालं, काय बाकी. पगाराचा रकाना पहिला ठेवा. तक्ता तयार करून ऑफिसला आणून द्यायचं काम माझ्याकडे.

आपला,
संस्थांचे हिशेब लिहिणारा एक वाचक
पारोळा, जि. जळगाव