बिल अडवल्याबद्दल आभार

प्रिय बाय,

तुझे आभार फोनवर मानून झाले आहेत. हे पत्र सर्वांसमोर लिहिते आहे ते मुद्दाम. गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, पेडण्यात काजू, कोकम, लोणची करून मोठ्या दुकानसाखळ्यांना माल देणारे आमच्यासारखे पुष्कळ आहेत. बिलांचा प्रोग्राम लिहून तू आमच्या हिशेबाच्या खोलीत काय करून ठेवलंस ते त्यांनाही कळू दे.

१ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, सक्तीचं झालं. २०२० साली ही मर्यादा ५०० कोटी होती, तेव्हा ‘मोठ्यांचं झेंगट’ म्हणून आम्ही हसलो होतो. मग आमचाही नंबर लागला. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून फाइल काढा, पोर्टलवर चढवा, ६४ अक्षरांचा आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) आणि क्यूआर कोड आला की बिलावर छापा. कंटाळवाणं काम, पण अवघड नव्हे. ‘एवढं ऑटोमॅटिक करून देतो’ म्हणणारे बरेच येऊन गेले. तू मात्र लॅपटॉप उघडायच्या आधी म्हणालीस, ‘काकी, मला आधी गोदामात बसू दे.’

तिथे पॅकिंगच्या बायकांमध्ये बसून तू पाकिटं हातात घेऊन विचारत राहिलीस. काजूगराची डब्ल्यू २४० प्रत कुठली, डब्ल्यू ३२० कुठली, सालीचे काजू वेगळ्या नावाने जातात का. एकाच पाकिटाला आमच्या टॅलीत एक नाव, दुकानाच्या पर्चेस ऑर्डरीत (मागणीपत्रात) दुसराच आर्टिकल कोड आणि पाकिटावर तेरा आकडी बारकोड. या तिघांची सोयरीक जुळवणारा तक्ता तू केलास. प्रोग्राम लिहायला लागला त्याहून जास्त वेळ त्या तक्त्याला लागला, आणि माझ्या मते खरं काम तेच.

कारण पोर्टल आणि दुकान एकाच बिलात वेगवेगळ्या गोष्टी बघतात. पोर्टलला जीएसटी क्रमांक, एचएसएन (मालाचा करासाठीचा कोड) आणि कराची बेरीज बरोबर दिसली की पुरे, बेरजेत रुपयाचा फरकही ते चालवून घेतं. दुकानाची यंत्रणा मात्र पर्चेस ऑर्डर, त्यांच्या गोदामात उतरलेला माल आणि आपलं बिल यांचा मेळ घालते. दर, नग, एमआरपी, कुठेही फरक दिसला की पैसे थांबले. छोट्या उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे खरा, पण ‘बिल जुळत नाही’ म्हटल्यावर तो कोणाला वाचून दाखवायचा?

त्यात एकदा आयआरएन पडला की पोर्टलवर बिलातला एक आकडासुद्धा बदलता येत नाही. २४ तासांत अख्खं बिल रद्द करता येतं, तेही ई-वे बिल (मालवाहतुकीचं ऑनलाइन कागद) चालू नसेल तरच, आणि तो बिल नंबर पुन्हा वापरता येत नाही. चूक कळते ती भिवंडीच्या गोदामाच्या गेटवर, टेम्पो पोहोचल्यावर. पुढे जुनं बिल वजा करणारी क्रेडिट नोट, नवं बिल आणि ड्रायव्हरच्या शिव्या.

म्हणून तुझ्या प्रोग्रामचं मला सर्वांत आवडतं ते त्याचं अडवणं. ऑर्डर मेलवर आली की तो ती वाचतो, बिल तयार करतो आणि पोर्टलकडे पाठवायच्या आधी ऑर्डरीशी ताडून बघतो. नाही जुळलं तर चक्क मराठीत लाल ओळ येते: ‘ऑर्डरीतला दर वेगळा आहे. थांबवलं.’ अंदाजाने तो काही भरत नाही. ई-इन्व्हॉइसच्या नमुन्यात पर्चेस ऑर्डरच्या नंबराला जागा आहे, पण ती भरायची सक्ती नाही, म्हणून लोक मोकळी सोडतात. आमच्याकडे ती तू सक्तीची केलीस. गाडीचा नंबर मात्र सक्तीतून वगळलास, कारण टेम्पो दारात लागेपर्यंत तो कोणालाच ठाऊक नसतो. गोदामातला पोरगा ई-वे बिलाचा तो भाग आता मोबाइलवरून भरतो.

कराचे दर तू तारखेला बांधून ठेवलेस, कुठल्या तारखेपासून कुठला दर, तेव्हा मला तो अतिशहाणपणा वाटला होता. साधा काजूगर एचएसएन ०८०१ मध्ये, ५ टक्के. भाजून मीठ लावला की एचएसएन २००८ मध्ये, तेव्हा १२ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ ला त्या १२ चे ५ झाले आणि आम्हाला तक्त्यात एक ओळ भरावी लागली, बस्स. बाजूच्या शेडमध्ये मात्र दर बदलायला रात्रभर दिवे जळत होते.

यंदाच्या चवथीला तर कमालच झाली. त्या दिवसांत गोव्यात कोणी जागेवर सापडत नाही, आणि मोठ्या दुकानांच्या दिवाळीच्या ऑर्डरी नेमक्या तेव्हाच येऊन पडतात. पूर्वी मी गणपतीवर फळापानांची माटोळी बांधता बांधता फोन घ्यायची. यंदा गावाहून परतले तर जुळलेल्या ऑर्डरींची बिलं तयार, अडलेल्या वेगळ्या काढलेल्या, आणि प्रत्येकीपुढे कारण लिहिलेलं.

आता एक मागणं. दुकानं पैसे देताना जी वजावट करतात, फुटकी पाकिटं, स्कीम, उशिराचा दंड, त्या डेबिट नोटा मी अजून हातानेच जुळवते. सवड झाली की फोंड्याहून एक चक्कर मार. गेल्या खेपेस तू काजूच्या डब्यावरच भागवलंस, या खेपेस पैसे घ्यावे लागतील असं शेठनी बजावलंय. दर आधी कळव, नाहीतर तुझंच बिल तुझा प्रोग्राम अडवायचा.

तुझी,
हिशेबातली काकी, डिचोली