पनामाकडनं हरलो ते बास्केटबॉलमुळे नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या क्रीडा पुरवणीतला अमेरिकेच्या फुटबॉलवरचा लेख वाचला आणि डोकं फिरलं. परत तेच, इथली दमदार पोरं बास्केटबॉल नि बेसबॉलला जातात, सॉकरला उरतो गाळ, म्हणून २०२४ च्या कोपा अमेरिका या फुटबॉल स्पर्धेत यजमान असूनही साखळीतच गाशा गुंडाळावा लागला. अहो, मेस्सी पाच फूट सात इंचाचा आहे, त्याला कुठला बास्केटबॉलवाला पळवून नेणार होता? लेखकमहाशय अभ्यासू आहेत यात वाद नाही, पण न्यू जर्सीत एका पोराची क्लबची फी भरली असती तर त्यांनी हा लेख लिहिलाच नसता.

आमचा मुलगा अकरा वर्षांचा असताना ट्रॅव्हल टीममध्ये (गावोगावी टुर्नामेंट खेळत फिरणाऱ्या क्लबच्या टीममध्ये) लागला. वर्षाची फी अडीच हजार डॉलरच्या वर, किट वेगळं (तेही डिझाईन बदललं की परत घ्या), टुर्नामेंटचे पैसे वेगळे आणि वर हॉटेल. हॉटेलचं ऐकाच. पेनसिल्व्हेनियात टुर्नामेंट होती, माझ्या चुलत बहिणीचं घर मैदानापासनं दहा मिनिटांवर, ती बिचारी पोळ्या-भाजी करून वाट बघतेय आणि आम्ही तिघं हॉटेलात, कारण आयोजकांच्या यादीतल्याच हॉटेलात टीमने राहायचं, नाहीतर टीमला एंट्री नाही. स्टे-टू-प्ले म्हणतात याला. खंडणी म्हटलं तर राग येतो लोकांना.

तर त्या टीममधला सगळ्यात भारी पोरगा आमचा नव्हता, इक्वेडोरच्या एका कुटुंबातला होता, वडील छपरं घालायच्या कामावर. बॉल पायाशी यायच्या आधी तो मान वळवून मागे कोण आहे ते बघून घ्यायचा आणि एका टचमध्ये वळायचा, कोचने हे कुणालाच शिकवलेलं नव्हतं. स्प्रिंग सीझनला तो दिसेना. विचारलं तर कोच म्हणाला, फीच्या सवलतीचा फॉर्म वेबसाईटवर आहे की. आहे ना, पण त्याला गेल्या वर्षीचा टॅक्स रिटर्न जोडायचा आणि त्या माणसाचा पगार रोखीत! त्याची जागा माझ्या मुलाला मिळाली, आम्ही हप्ते वेळेवर भरत होतो ना.

क्लिंट डेम्प्सी, ज्याच्या नावावर अमेरिकेसाठी ५७ गोल आहेत, तोही असाच हातचा जाणार होता. टेक्सासच्या नॅकोडोचेसमधनं डॅलसला तीन तास गाडी हाणायची, घरात बहिणीच्या टेनिसचाही खर्च, म्हणून क्लब सोडावा लागला होता त्याला, मग टीममधल्या इतर आईबापांनी हातभार लावला म्हणून निभावलं. तुमच्या लेखात या विषयावर एक ओळ नाही.

आणि जे चमकतायत ते तरी इथे कुठे घडले? कोपात पनामाविरुद्ध अठराव्या मिनिटाला लाल कार्ड घेऊन बाहेर गेला तो टिम विआ (लायबेरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज विआ यांचे चिरंजीव, बुक्का मारायला काय वेळ निवडली!) शिकला पॅरिसच्या पीएसजी क्लबात. त्यानंतर गोल केला तो बालोगन जन्माने ब्रुकलिनचा पण वाढला लंडनमध्ये, आर्सेनल क्लबच्या अकादमीत. टीममधला मूसाही आर्सेनलचाच, रॉबिन्सन इंग्लंडच्याच एव्हर्टन क्लबचा. जगात छोट्या क्लबने पोरगं घडवलं की पुढच्या ट्रान्सफरमध्ये त्याला वाटा मिळतो, म्हणून तिथे गरिबाचं पोरगंही क्लबला हवंच असतं. इथे हा वाटा छोट्या क्लबांना मिळू द्यायची अमेरिकेच्या फुटबॉल फेडरेशनची कधी इच्छाच दिसली नाही, आपला येडलिन लंडनच्या टॉटनहॅम क्लबला गेला तेव्हा सिॲटलकडचा त्याचा जुना क्लब वर्षानुवर्षं भांडत बसला. मग क्लब पैसे काढणार कुणाकडनं? आईबापाकडनं.

२०१७ मध्ये त्रिनिदादकडनं हरून वर्ल्डकपला मुकलो तेव्हाही छाती पिटून झाली, कोच अरेना गेले, फेडरेशनचे अध्यक्ष सुनील गुलाटी (आपले अलाहाबादचे) परत उभे राहिले नाहीत, फी होती तिथेच. २०२० मध्ये फेडरेशनने स्वतःची पोरांची डेव्हलपमेंट अकादमी लीगच बंद करून टाकली. कोपानंतर कोच बरहाल्टरला हाकला म्हणून ओरड झाली, जुलै २०२४ मध्ये हाकललंही. हाकलला बापडा.

जाता जाता अजून एक. जून २०२४ मध्ये क्रिकेटच्या टी-ट्वेंटी वर्ल्डकपात अमेरिकेने पाकिस्तानला हरवलं तेव्हा तुम्ही अमेरिकेच्या बोलर सौरभ नेत्रावळकरवर रकानेच्या रकाने लिहिलेत. आनंद आम्हालाही झाला, इकडे एडिसनमध्ये पेढे वाटले लोकांनी. पण तो मुंबईच्या मैदानांवर शिकला, २०१० चा अंडर-१९ वर्ल्डकप भारताकडनं खेळला, रणजी मुंबईकडनं खेळला, आणि तुमचा मथळा म्हणे अमेरिकन क्रिकेटची भरारी. भरारी कसली, तयार माल आलाय. कोपाला मात्र दीड रकाना, तोही आतल्या पानावर, आणि त्यात उरुग्वेच्या मॅचचा स्कोअरही नाही (०-१ हरलो, नोंद असावी).

मागच्या खेपेला माझं पत्र निम्मं कापून छापलंत. यावेळी कापायचंच झालं तर सौरभचं कापा, फीचे आकडे राहू द्या.

आपला,
एक जुना वाचक, एडिसन, न्यू जर्सी